मालतीताई, वय ६४

माझ्या थोरल्या नणंदबाईंना आजवर या भूतलावर कुणीही, काहीही, घाईने विकू शकलेलं नाही. विकणाऱ्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पाणी शुद्ध करायचं यंत्र घेऊन दारावर आलेला एक टायवाला माणूस त्यांच्या बैठकीच्या खोलीत दीड तास बसला, दोनदा चहा प्यायला आणि जाताना स्वतःच्याच यंत्राबद्दल मनात शंका घेऊन गेला. गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात त्या दिसल्या की निम्म्या भाजीवाल्या पदर सावरून बसायच्या आणि उरलेल्या दुसरीकडे बघायला लागायच्या. टोक मोडल्याशिवाय भेंडी घ्यायची नाही, आणि टोक मोडायचं ते एकेका भेंडीचं. दुधीला नख लावायचं, फ्लॉवर उलटा करून त्याच्या देठाची चौकशी करायची, मेथीच्या जुडीचा दोरा सैल करून आतली पानं बाहेरच्या पानांसारखीच आहेत ना हे बघायचं. कोथिंबीर नाकाशी नेऊन त्या डोळे मिटायच्या, आणि ते किती वेळ मिटलेले राहतात यावर त्या जुडीचं भवितव्य ठरायचं. एकदा एका बाईने वैतागून विचारलं, "मावशी, पाव किलो भेंडी घ्यायची हाय का सून बघायची हाय?" तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "सून चुकली तर मुलगा भोगतो. भेंडी चुकली तर मला खावी लागते." आणि पुढच्या भेंडीचं टोक मोडलं.

या सगळ्याला मी लग्नानंतर पहिली काही वर्षं तऱ्हेवाईकपणा म्हणत होते. पुढे त्याला 'संशोधन' म्हणून मी पगारवाढ मिळवली, ते सांगतेच.

नणंदबाईंची सगळी नोकरी बसस्टँडवरच्या आरक्षणाच्या खिडकीत झाली. आधी नांदगाव, मग बरीच वर्षं सटाणा, आणि शेवटची काही वर्षं नाशिक. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मी केलं नाही. निवृत्तीनंतर आमच्याच गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन राहिल्या. पण माणूस खिडकीतून उठला तरी खिडकी माणसातून उठत नसावी. बँक, दवाखाना, गॅसचं ऑफिस, कुठेही काउंटर दिसला की नणंदबाई आपलं काम बाजूला ठेवून आधी त्या काउंटरची तपासणी करायच्या. रांग कुठून सुरू होते ते कळतंय का, फॉर्म भरायला टेकायला जागा आहे का, पेनाला दोरी बांधली आहे ती डावखुऱ्या माणसाला पुरेल का. एका बँकेत टोकन देणाऱ्या मुलीला त्यांनी सांगितलं होतं, "बाळ, आकडा सांगताना माझ्याकडे बघ. म्हातारी माणसं आकडा ओठांवरून ऐकतात." ती मुलगी पुढच्या वेळेपासून बघायला लागली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

सटाण्याच्या खिडकीची एक हकीकत त्या फार रंगवून सांगायच्या. भर लग्नसराईतली गर्दी, मागे शंभर माणसं, आणि एक आजोबा खिडकीच्या कडेला घट्ट धरून उभे. "माले मालेगाव जानं शे. आज जाऊ का सकाय जाऊ, तूच सांग माय." मागची माणसं ओरडायला लागली. नणंदबाईंनी त्यांना विचारलं, तिकडे कोण आहे, कशाला जायचंय, पोचल्यावर न्यायला कोण येणार. तिसऱ्या प्रश्नाला कळलं की आजोबांची लेक मालेगावला नसतेच, ती नांदगावला असते; मालेगावला गाडी बदलायची एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलेलं. "माणूस खिडकीशी येतो तेव्हा त्याचं निम्मं ठरलेलं नसतं," नणंदबाई म्हणायच्या, "आपण घाई केली की तो चुकीच्या गाडीत बसतो. आणि मग आपण म्हणतो, अडाणी आहे." हे वाक्य मी पुढे एका प्रेझेंटेशनमध्ये वापरलं. इंग्रजीत केलं आणि खाली माझं नाव घातलं.

मी काय करते, ते आता सांगायला हवं. कॉलेज रोडवर एका कंपनीत मी मोबाइलच्या ॲपची रचना करते, म्हणजे कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, दाबल्यावर काय व्हावं. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे किराणा आणि भाजी घरपोच देणाऱ्या एका ॲपचं काम आलं. आमचे साहेब तिशीतले, कायम उभ्याने बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, 'दीड मिनिट.' ॲप उघडल्यापासून ऑर्डर जाईपर्यंत दीड मिनिटाच्या वर एक सेकंद नको. "युजरला विचार करायला लावायचं नाही," ते म्हणाले. "जिथे माणूस थांबतो, तिथे आपण हरलो." आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग ते म्हणाले, चाचणीसाठी मला एक अशी बाई आणून द्या जी सगळ्यात जास्त थांबते. सगळं ऑफिस एकमेकांकडे बघत होतं. मला शोधायला कुठे जावंच लागलं नाही.

तीन रविवार नणंदबाई आमच्या जेवणाच्या टेबलाशी माझा फोन घेऊन बसल्या आणि मी समोर घड्याळ आणि वही घेऊन. पहिल्या रविवारी त्यांनी भेंडीच्या फोटोवर बोट दाबून धरलं आणि वाट पाहिली. "काय करताय ताई?" "ही मागून कशी आहे ते दाखवत नाही का?" मग फ्लॉवर उलटा होईना म्हणून त्यांनी फोनच उलटा केला. ॲपमधल्या कांद्याच्या पानावर आल्यावर विचारलं, "हा विंचूरचा आहे का सटाण्याचा? उन्हाळ आहे का लाल? तुमचा हा काही बोलतच नाही." चाळीस मिनिटांनी त्यांची पाच वस्तूंची पिशवी तयार झाली, तेवढ्यात कुकरची शिट्टी बघायला त्या उठल्या, परत आल्या तर पिशवी रिकामी. ॲपने वाट बघून सगळं पुसून टाकलं होतं. त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला. "अगं, अर्धवट राहिलेलं राहू द्यावं. बायका यादी करताना दहा वेळा उठतात. खिडकी बंद झाली तरी माझ्याकडे लोकांचे अर्धे भरलेले फॉर्म सकाळपर्यंत तसेच असायचे."

मी लिहून घेत होते. 'पुढे'चं बटण अंगठ्याखाली झाकलं जातं. मागे गेलं की सगळं जातं, म्हणून माणूस मागे जायलाच घाबरेल. कोवळं का भरताचं, हे वांग्याच्या वेळी आधी विचारावं. आणि मेथी नसेल तर परस्पर शेपू पाठवू नये: "मेथीच्या घरात शेपू चालेलच असं नाही. पालक विचारून बघावा. आणि विचारून बघावा म्हणजे विचारून, पाठवून नव्हे." तीन रविवारांत त्यांनी सांगितलेल्या एकूण एक गोष्टी आम्ही ॲपमध्ये घातल्या. खोटं कशाला बोलू, त्या ॲपमध्ये जे काही शहाणपण आहे ते सगळं बसस्टँडवरून आलेलं आहे. साहेब खूश झाले. "कमाल निरीक्षण आहे तुमचं," ते म्हणाले, आणि मी मान खाली घालून हसले. नणंदबाईंना मी त्याबद्दल एक साडी घेतली. त्यांनी तिचा पोत दोन बोटांत धरून बघितला आणि "चालेल" म्हणाल्या, म्हणजे आवडली होती.

आता आमच्या धंद्यातला एक रिवाज. ज्या माणसांसाठी ॲप करायचं, त्यांच्यातला एक माणूस आम्ही कागदावर तयार करतो. खऱ्या माणसांना बघून, पण खोट्या नावाचा. त्याला वय देतो, फोटो देतो, आणि खाली चौकटी असतात: स्वभाव, सवयी, अडचणी, भीती. मग तो कागद भिंतीवर लावतात आणि काम संपेपर्यंत सगळे त्याच्याकडे बघून काम करतात. माझ्यावर ते काम आलं. मी तिचं नाव मालतीताई ठेवलं. वय उगाच चौसष्ट टाकलं, ते आकड्यात भारदस्त दिसलं म्हणून. फोटो विकत मिळतात तिथून घेतला. मोत्याच्या कुड्या घातलेली, दात दाखवून हसणारी एक गोरी बाई, जिने आयुष्यात स्वतः भेंडी घेतली नसावी. आणि चौकटी भरल्या. शब्द मला अजून पाठ आहेत. 'एकटी राहते. मोकळा वेळ भरपूर, त्यामुळे वेळेची किंमत कमी. तंत्रज्ञानाची समज मर्यादित. चुकण्याची भीती. भाजीवाल्यांशी बोलणे हाच दिवसातला मुख्य संवाद; एकटेपणामुळे खरेदी लांबवते.' शेवटचं वाक्य लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. केवढं खोल गेलो आपण, असं.

मालतीताई ऑफिसात फार लोकप्रिय झाल्या. "हे मालतीताईंना जमेल का?" असं विचारल्याशिवाय एक बटण हलायचं नाही. पुढे पुढे लिफ्ट उशिरा आली तरी मालतीताई आली म्हणायला लागले. एक सहकारी भेंडी मोडायची नक्कल करायचा, टोक मोडायचं, कानाशी न्यायचं, आवाज ऐकायचा. नणंदबाई कानाशी कधी नेत नाहीत. पण ते त्याला मी सांगितलं नाही, बाकीच्यांबरोबर मीही हसले.

ॲप सुरू झालं त्या दिवशी ऑफिसात सत्यनारायण होता. सगळ्यांनी घरच्यांना आणा, असं साहेबांनी सांगितलं होतं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मुलीची परीक्षा होती. मी नणंदबाईंना नेलं. मी घेतलेली साडी त्या नेसल्या होत्या. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी होतं की साहेबांना म्हणावं, हे सगळं यांनी सांगितलेलं आहे. म्हणजे म्हणायचं ठरवलं होतं. मग साहेब कुणाशी तरी बोलत होते, मग आरती होती, मग मला प्रसाद वाटायला लावलं. भिंतीवरचा तो कागद मात्र माझ्या लक्षातच नव्हता. दीड वर्ष रोज बघून तो मला दिसायचा बंद झाला होता.

शिऱ्याचं ताट घेऊन मी वळले तेव्हा नणंदबाई त्या भिंतीसमोर उभ्या होत्या. चष्मा लावला होता. वरून खालपर्यंत, एक चौकट न सोडता, फॉर्म तपासावा तसं वाचत होत्या. तो नक्कल करणारा सहकारी उत्साहाने त्यांच्याजवळ गेला. "काकू, या आमच्या मालतीताई. यांना जमलं की जगाला जमलं."

"कोण आहेत या?"

"खऱ्या नाहीत हो. बनवलेल्या आहेत."

"छान बनवल्यात," नणंदबाई म्हणाल्या. मग त्यांनी पर्स उघडली. त्यांच्या पर्समध्ये पेन असतंच, खिडकीपासूनची सवय. त्यांनी चौसष्टवर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला सुबक अक्षरात एकसष्ट लिहिलं. आणि रेघेशेजारी छोटी सही केली, खाडाखोड केली की करायची असते तशी. "नोंद बरोबर असावी," म्हणाल्या.

दोघं-तिघं हसले. काकू गमतीदार आहेत, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. माझ्या हातातलं ताट तसंच होतं. नणंदबाईंनी त्यातला एक द्रोण उचलला, शिरा खाल्ला, केळं छान लागतंय म्हणाल्या, साहेबांना नमस्कार केला आणि रिक्षा करून घरी गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी कुठल्याही चौकटीत मी लिहिली नव्हती, कारण ती लिहिण्यासारखी आहे हेच मला सुचलं नव्हतं. गल्लीत राहायला आल्यापासून आमच्या घरची भाजी नणंदबाईच आणत होत्या. सकाळी नऊला दाराच्या कडीला कापडी पिशवी असायची. बेल वाजवायच्या नाहीत, मी आंघोळीला असेन म्हणून. दुसऱ्या दिवशी ती पिशवी नव्हती, तिसऱ्या दिवशीही नव्हती, आणि चौथ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "ताई आजारी आहे का?" मी म्हटलं, कामात असतील. मग मी गेले.

दार उघडलं, बस म्हणाल्या, चहा केला. मी सुरू केलं, "ताई, ते ऑफिसचं असतं. तसं लिहावं लागतं. ते काही तुमच्याबद्दल…"

"माझ्याबद्दलच आहे ते. आणि चुकीचं काय लिहिलंयस?" त्या म्हणाल्या. "खिडकीत बसून मीही लोकांना नावं ठेवायचे. हा बहिरा, तो चिकट, ही रडकी. सगळेच ठेवतात. पण मी ते काचेवर चिकटवलं नव्हतं. त्यांना परत त्याच खिडकीशी यायचं असायचं."

चहावर साय धरली.

"एक मात्र चुकलंय तुझं," त्या म्हणाल्या. "एकटी आहे म्हणून वेळ लागतो, हे. एकटीला कितीसं लागतं गं? पाव किलो काहीही घेतलं तरी दोन दिवस जातं. दहा मिनिटांत होतं. तुमच्यासाठी घ्यायचं म्हणून वेळ लागायचा. त्याला वांगं चालत नाही, पोरीला दुधी कोवळा असला तरच जातो, तुला गवार निवडायला वेळ नसतो म्हणून बिनशिरेची बघायची. चार जणांचं बघायला वेळ लागतो."

एवढं बोलून त्यांनी फोन घेतला आणि माझ्यासमोर आमच्याच ॲपवर पाव किलो तोंडली, एक जुडी पालक आणि दूध मागवलं. मी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मिनिटभरही लागलं नव्हतं. कुठे थांबल्या नाहीत, कुठे दाबून धरलं नाही, काही उलटं करून बघितलं नाही.

आता सहा महिने होतील. नणंदबाईंनी संबंध तोडलेले नाहीत. दिवाळीला आल्या, भाऊबीज झाली, पोरीच्या निकालाला पेढे आणले. पण बोलणं सगळं आल्यागेल्याशी बोलावं तसं. माझ्या हातच्या आमटीला पूर्वी "मीठ कुणाच्या भरवशावर टाकतेस?" म्हणायच्या, आता वाटी पुढे करून "छान झालीय" म्हणतात. नवऱ्याला फरक कळत नाही. तो म्हणतो, ताई हल्ली किती शांत झाली आहे. ऑफिसात मालतीताईंचा कागद मी काढला. कुणी विचारलं नाही; काम झालं होतं, आता नवीन ॲप आहे, नवीन माणूस आहे, शेतकरी आहे म्हणे, वय पंचेचाळीस. चौकटी भरायचं काम मी दुसऱ्याला दिलं. मला बढती मिळाली. पत्रात लिहिलं होतं की मला युजरच्या मनाची विलक्षण जाण आहे. ते पत्र मी घरी कुणाला दाखवलं नाही.

मागच्या बुधवारी रजा टाकून गंगेवर गेले. एकटी पहिल्यांदाच. एका भाजीवालीने मला ओळखलं. नणंदबाईंबरोबर एकदोनदा गेले असेन, तेवढ्यावर. "त्या बाई कुठं हायेत? लय दिवस झाले, आल्या नाय. आजारी हायेत का?"

"नाही, बऱ्या आहेत."

"मग माझ्यावर रागावल्या का? मागच्या टायमाला मी जरा जास्त बोलले व्हते."

"तुमच्यावर नाही," मी म्हटलं.

तिच्याकडून मी गवार घेतली. निवडून घेतली, असं मला वाटलं. घरी न जाता तशीच नणंदबाईंकडे गेले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आत हात घातला, मूठभर शेंगा बाहेर काढल्या. उजेडात मलाच दिसलं की ती गवार जून आहे. अशी जून, की तिच्या शिरांनी गाठोडं बांधता येईल. पूर्वी अशी गवार मी आणली असती तर ती पिशवी, ती भाजीवाली, माझं शिक्षण आणि माझं माहेर यांचा एका दमात उद्धार झाला असता, आणि मग तीच गवार सोलून तिच्यातले दाणे काढून त्यांनी आमटी केली असती आणि मला वाटी घेऊन बोलावलं असतं.

त्यांनी शेंगा परत पिशवीत ठेवल्या. "छान आहे," म्हणाल्या. "कशाला त्रास घेतलास?"

मी चपला घातल्या. जिन्याच्या वळणावर उगाचच थांबले. वर दार लागल्याचा आवाज आला नव्हता, म्हणजे त्या अजून दारात होत्या. मला वाटलं, आता हाक येईल. "कुणी दिली गं ही तुला, डोळे मिटून घेतलीस का?" असं काहीतरी. बुधवारपासून मला तेवढंच ऐकायचं आहे. रागाने म्हणाल्या तरी चालेल. थोड्या वेळाने दार हळूच लागलं आणि मी खाली उतरले.